तेवीस नंबरचा नकाशा

४ फेब्रुवारी

धाकटे,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी मेलेली नाही, मरायला टेकलेलीही नाही. माफी मागायला लिहितेय असाही गैरसमज करून घेऊ नकोस. बाबांच्या घराच्या वाटणीचा नकाशा मी काढला होता आणि तो बरोबर होता. तुझं स्वयंपाकघर रेघेच्या नऊ इंच पलीकडे होतं, हे मी नाही, टेपने सांगितलं. असो. तो विषय नको.

मी लिहितेय कारण मला संताप आलाय, आणि माझा संताप शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं. ती तू.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलांसाठी एक केंद्र आहे. गाणं, नाच, नाटक, चित्रकला, बुद्धिबळ, सगळं फुकट. सहा ते अठरा वयाच्या कुणीही यावं. पूर्वी तिथे कपडे धुण्याची सार्वजनिक जागा होती. दगडी हौद अजून आहेत. त्यांत आता रंगाचे डबे आणि नाटकातल्या पुठ्ठ्याच्या तलवारी असतात. नकाशा विभागातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, मी तिथे मंगळवारी आणि शनिवारी हस्ताक्षर आणि रेखाटन शिकवते. पोरं पाठीमागे मला ‘पट्टी’ म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टीच्या कडेने बोटांवर मारायची, तुला आठवत असेल. मी फक्त कागदावर मारते.

इतकी वर्षं केंद्र गल्लीतलेच लोक चालवत होते. गाण्याच्या मास्तरांचा सूर वरच्या पट्टीत गेला की परत खाली येत नसे, नाचाच्या बाईंचा गुडघा गेलेला. पण चालत होतं. आता नवीन वर्षापासून एका मोठ्या संस्थेने ते ‘दत्तक’ घेतलंय. भिंतींना रंग लागला, खुर्च्या आल्या, आणि एक संयोजक बाई आल्या. वय तिशीचं. सतत हसतात. छप्पर गळतंय सांगा, हसतात. संडासाला कडी नाही सांगा, हसतात. मी त्यांना हसरी म्हणते. मला विचारल्याशिवाय त्यांनी माझ्या वर्गाची वेळ बदलली, फळा हलवला आणि हस्ताक्षर बंद केलं. का, तर मुलांना हल्ली लिहावं लागत नाही म्हणे. मग त्यांना वाचावंही लागत नसेल, आणि विचारही कुणीतरी करून आणून देत असेल, असं मी म्हटलं. हसली.

हस्ताक्षराच्या जागी एक प्रकल्प आलाय: ‘माझी गल्ली, माझं घर’. प्रत्येक मुलाने आपल्या घराचा नकाशा काढायचा. शेवटी प्रदर्शन. जबाबदारी माझ्यावर, कारण एकतीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. खरं सांगू? हे काम मला आवडलं. एक्केचाळीस मुलं आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी घर म्हणजे वर त्रिकोण आणि खाली चौकोन काढला, धुराड्यासकट. आमच्या गल्लीत एकाही घराला धुराडं नाही. आता टेप धरायला शिकलीत, उत्तरेचा बाण काढतात, जिना किती पायऱ्यांचा ते लिहितात. शनिवारी एक गृहस्थ येऊन तयार झालेल्या नकाशांचे फोटो काढून नेतात, प्रदर्शनाच्या पुस्तकासाठी. ते मुलांकडे बघत नाहीत. मुलांचे फोटो एकदाही काढले नाहीत.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी मोठी बहीण

२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

आज जरा माझं कौतुक ऐक, इथे करणारं कोणी नाही. वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. उंच, काटकुळी, सारखी पेन्सिल चावते, म्हणून तिला सगळे पेन्सिलच म्हणतात. माझ्या सात वर्षांतला सगळ्यात चांगला हात. रेघ काढताना श्वास रोखून धरते. कचेरीत मी तीस वर्षांचे बाप्ये पाहिले ज्यांना हे जमत नसे. आई घरी शिवणकाम करते. वडील छापखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी गल्ली पाडायच्या बेताविरुद्ध पत्रकं छापली गेली, त्यात त्यांचं नाव निघालं, आणि घरी चौकशीला माणसं येईपर्यंत ते निघून गेले होते. समुद्रापलीकडे आहेत असं सगळे म्हणतात. पोरीला त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

तर हिचा नकाशा आला. नंबर तेवीस. नंबर मीच दिलेत, गल्लीच्या तोंडापासून ओळीने, म्हणजे गोंधळ नको. सगळं स्वच्छ, आणि मागची भिंत चार फूट जाडीची! मी म्हटलं, हा काय किल्ला आहे? सगळी मुलं हसली. ती म्हणाली, ‘भिंत तशीच आहे, बाई.’ मी म्हटलं, आपल्या गल्लीत नऊ इंचांच्या वर भिंत नाही, पुन्हा मोज. मंगळवारी परत तेच, चार फूट. मी तिला उभं केलं. मोजमापात खोटेपणा करणारा माणूस सगळ्यात खोटेपणा करतो, असं सगळ्यांदेखत सांगितलं. रडली नाही. पेन्सिल चावत उभी राहिली.

मग मी स्वतः टेप घेऊन तिच्या घरी गेले. आईने शिवणयंत्र थांबवलं आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. खोली आतून अकरा फूट, बाहेरून बोळातून पंधरा फूट. पोरीची दोन्ही मापं बरोबर होती, म्हणूनच तिला भिंत फुगवावी लागली होती. भिंतीला टेकून मोठं कपाट. मी म्हटलं, याच्यामागे चार फुटांची जागा आहे. आई म्हणाली, चिंध्या ठेवतो. मग दाखवायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, कपाट फार जड आहे, ताई. मी आग्रह केला नाही. मापं जुळत होती, मला तेवढं पुरे. तिथल्या तिथे लाल पेन्सिलने लिहिलं: ‘कपाटामागे जागा, ४ × ९.’ पोरीने ते वाचलं आणि आईकडे बघितलं.

शनिवारी फोटोवाले गृहस्थ या नकाशाजवळ बराच वेळ उभे राहिले. हे लाल अक्षर कुणाचं, असं विचारलं. माझं, मी म्हटलं. फार सुंदर अक्षर आहे, म्हणाले. सात वर्षांत केंद्रात माझ्या अक्षराला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस.

तुझी मोठी बहीण

१७ मार्च

धाकटे,

प्रदर्शन रद्द झालं. मला सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. शनिवारी गेले तर भिंती रिकाम्या, नुसते टाचण्यांचे व्रण. एक्केचाळीस नकाशे ‘चौकटी बसवायला मुख्य कार्यालयात’ गेले म्हणे. चौकट घरात बसवतात की कार्यालयात, असं मी विचारलं. हसली.

त्याच आठवड्यात नाचाच्या वर्गातल्या दोघी बहिणींच्या घरी माणसं गेली. त्यांचा नकाशा नंबर सहा. त्यांच्या माळ्याची शिडी पाण्याच्या टाकीमागे आहे, बाहेरून कुणाला दिसत नाही. चुलत्यांना त्यांनी तिथे झोपायला जागा दिलीय, नोंद न करता. माणसं आत आली, नमस्कार केला आणि कुणाला काही न विचारता टाकी बाजूला केली. त्यांची आई मला रस्त्यात भेटली. आधी नीट बोलत असे. म्हणाली, ‘ताई, शिडीला पायऱ्या किती तेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.’ मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. चुलत्यांना कुठे नेलं ते त्यांना अजून कळवलेलं नाही.

नंतर नंबर नऊ. मग बारा. बाराच्या दारावर आता पितळी कुलूप आहे, घरातल्यांनी लावलेलं नाही.

वर्गात आज सतरा मुलं. बाकीच्यांना आया पाठवत नाहीत. जी आलीत ती माझ्याकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. गाण्याच्या मास्तरांनी रजा टाकली. मी हसरीच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, मुलांचे नकाशे कुणाला दिलेत? तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही इतक्या काळजीने काम करून घेतलंत ना, त्याचं वर फार कौतुक झालंय. इतके नेमके नकाशे आम्हाला दुसऱ्या कुठल्याच केंद्रातून मिळाले नाहीत.’

दुसरी केंद्रं किती आहेत, हे मी विचारायला हवं होतं. मी पाण्याचा पेला बशीवर ठेवला आणि बाहेर आले. यात माझा काय दोष? मी मुलांना मोजायला शिकवलं. मोजणं हा गुन्हा आहे का? तूच सांग. नको, सांगू नकोस. तुझं उत्तर मला ठाऊक आहे, अकरा वर्षांपूर्वी अंगणात उभी राहून तू ते साऱ्या आळीला ऐकवलं होतंस.

पेन्सिल मात्र येते. दर वर्गाला. पहिल्या बाकावर बसते.

तुझी मोठी बहीण

२९ मार्च

धाकटे,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं तिला आणि तिच्याबरोबर असतील त्यांना आधी आत घे, दार लाव, मग पुढे वाच.

तुझा निरोप मिळाला. तुमच्याकडून येणारा चष्मेवाला परवा माझ्या दारात आला. मी म्हटलं, माझा चष्मा नीट आहे. तो म्हणाला, थोडा वाकडा दिसतोय बाई, बसा. काड्या सैल करता करता खालच्या आवाजात सांगून गेला: तिन्ही पाकिटं तुला उघडून परत चिकटवलेली मिळाली, कडेला ब्रशने लावलेली खळ होती, आणि ‘ताई खळ लावत नाही, जिभेने ओलं करून चिकटवते.’ अकरा वर्षांनी तुझा पहिला शब्द, आणि तोही मला सावध करायला.

म्हणजे ती भिंत मी त्यांना दोनदा दिली. एकदा नकाशात आणि एकदा तुझ्या पत्रात, मापासकट. सगळ्या गल्लीचं टपाल फोडत असतील, आणि म्हातारीची रडगाणी वाचायचा कुणालातरी कंटाळा आला असेल, एवढीच आशा. ते नंबराच्या ओळीने चाललेत. ओळ मी लावून दिलीय. काल एकोणीस झाला.

आता तुला जे लिहिलं नव्हतं ते लिहिते.

त्या दिवशी मी टेप घेऊन कपाटासमोर उभी होते तेव्हा कपाटामागून कुणीतरी खोकलं. एकदाच, तोंडावर हात धरून खोकतात तसं. आईने ते ऐकलं, पोरीने ऐकलं, मी ऐकलं. मी स्वतःला सांगितलं, शेजारचं असेल. शेजारी बोळ आहे, मी तो आत्ताच मोजून आले होते. बोळात कोणी नव्हतं. तरी मी ‘४ × ९’ लिहिलं, कारण बेरीज जुळत होती. आत माणूस आहे हे मला कळलं होतं, धाकटे. मला बेरीज जास्त आवडली. तुझं स्वयंपाकघर पाडताना तू म्हणाली होतीस की मला रेघ दिसते आणि रेघेच्या पलीकडचं माणूस दिसत नाही. तेव्हा मी तुला अडाणी म्हटलं होतं. दिसत होतं गं. तेव्हाही दिसत होतं.

चार दिवसांपूर्वी मी पुन्हा त्या घरी गेले. आईने दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, मला आत घ्या, मी टेप आणलेली नाही. तिने माझे दोन्ही हात बघितले, मग आत घेतलं. या वेळी तिने खुर्ची पुढे केली नाही. पोरीने कपाटाचा खालचा खण ओढला आणि तिथून एक माणूस रांगत बाहेर आला. दोन वर्षं चार फुटांत राहिलेला माणूस, धाकटे, उभा राहताना भिंत धरतो. मला म्हणाला, ‘तुमचं अक्षर मी पाहिलंय. मुलगी घरी गिरवते.’ मी क्षमा मागितली. तो म्हणाला, ते नंतर बघू, आधी सांगा तेवीसला किती दिवस आहेत.

मी म्हटलं, आठवडाभर. आज उरलेत दोन, फार तर तीन.

उद्या सकाळी नऊला केंद्राची गाडी नाटक घेऊन तुमच्या शेजारच्या गावी जाते. मुलांची स्पर्धा आहे. दर वर्षी जाते, फुकट, मुलांबरोबर एक पालक चालतो. नाटकात एक म्हातारा राजा आहे. त्याला एकही वाक्य नाही, सबंध नाटकभर सिंहासनावर बसायचं आणि शेवटी मान हलवायची. एरवी आम्ही तिथे भुसा भरलेलं बुजगावणं ठेवतो. यंदा राजा खरा आहे. आईने लोकरीची दाढी केलीय, छातीपर्यंत. मुलं गाडीत रंग लावूनच चढतात, तेव्हा रंगवलेला एक मोठा माणूस खपून जाईल. निदान मी तसं धरून चाललेय. पेन्सिल त्याची राजकन्या, आई कपडेपटाची बाई. प्रवाशांची यादी माझ्या हातची आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी यादीत खोटं लिहिलं, आणि अक्षर जरासुद्धा हललं नाही.

हसरी गाडीच्या दारात उभी राहून डोकी मोजते. ती काय करील ते मला सांगता येत नाही. कालच्या तालमीला दाढीकडे बघून ती हसली. ती सगळ्याकडेच बघून हसते, त्यामुळे काही कळत नाही.

प्रयोग संपला की ते तिघं चालत तुझ्याकडे येतील. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, तरी मागते. त्यांना तुझ्या घरी ठेवू नकोस. तुझा पत्ता प्रत्येक पाकिटावर माझ्याच हाताने लिहिलेला आहे, तोही ठसठशीत. पाणी पाज, जेवायला घाल आणि त्याच दिवशी तुला सुचेल तिथे पोचव. कुठे ते मला कळवू नकोस. कोणत्या दिशेला तेसुद्धा नको. मला माहीत नसलेली एक तरी जागा जगात असू दे.

मी इथेच थांबते. मीही गेले तर गाडी परत येण्याआधी सगळं उघड होईल. शिवाय शनिवारी माझा वर्ग आहे.

आणि हे नीट लक्षात ठेव: यापुढे पोस्टाने माझं जे येईल ते उघडणाऱ्यांसाठी लिहिलेलं असेल, तुझ्यासाठी नाही. मी कितीही वाईट लिहिलं तरी मनावर घेऊ नकोस. त्याला उत्तर देऊ नकोस. हे पत्र जाळ.

मुलीला रेघा काढू दे. तिला टोक केलेली पेन्सिल लागते आणि खोडरबर आवडत नाही.

तुझी ताई

३ एप्रिल

सप्रेम नमस्कार वगैरे लिहीत नाही, कारण तसं काही आपल्यात उरलेलं नाही.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की केंद्राचे फोटोवाले साहेब आज सकाळी घरी आले आहेत आणि माझ्या आधीच्या पत्रांबद्दल त्यांना काही शंका आहेत. त्या दूर व्हाव्यात म्हणून खुलासा करते. तेवीस नंबरच्या नकाशातली लाल पेन्सिलची नोंद माझी चूक होती. वयामुळे मापं चुकतात. काल कपाट हलवलं तेव्हा मागे चिंध्यांच्या पिशव्या आणि एक जुनी गादी निघाली, हे साहेबांनी स्वतः पाहिलं आहे. गादीला माणसाच्या आकाराचा खड्डा होता असं ते म्हणतात. गादी जुनी आहे, कापूस बसला असेल.

नाटकाची गाडी ठरल्याप्रमाणे गेली आणि ठरल्याप्रमाणे परत आली. जितकी माणसं गेली तितकी परत आली. डोकी संयोजक बाईंनी मोजली आणि माझ्या यादीवर सही केली आहे. त्यांची सही मी साहेबांना दाखवली. संयोजक बाई कालपासून कामावर आलेल्या नाहीत, हे मला साहेबांकडूनच कळलं. माझा वर्गही पुढील सूचनेपर्यंत बंद आहे.

तुझ्याकडे माझ्या ओळखीचं कोणी आलंय का, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं की मी कुणालाही तुझ्याकडे पाठवणं शक्य नाही. तू माझ्याशी अकरा वर्षं बोललेली नाहीस. तू हट्टी, कोत्या मनाची आणि स्वार्थी आहेस, दारात आलेल्या भुकेल्या माणसाला तू पाणीसुद्धा विचारणार नाहीस, आणि मी सांगितलेली एकही गोष्ट तू आयुष्यात ऐकलेली नाहीस. तुझं-माझं नातं संपलेलं आहे, आणि ते मला पुन्हा जोडायचंही नाही. साहेबांनी हे सगळं त्यांच्या वहीत उतरवून घेतलं.

ते फार सभ्य आहेत. पत्र माझ्या खांद्यावरून वाचत आहेत, आणि पेटीपर्यंत जायचा माझा त्रास वाचावा म्हणून ते स्वतःच टाकणार आहेत. त्यानंतर मला त्यांच्याबरोबर कचेरीत जायचं आहे. दोनतीन तासांचं काम आहे म्हणाले. चष्मा आणि गोळ्या घ्या, आणि एक लोकरीचा स्वेटरही असू द्या, असं त्यांनी आपणहून सुचवलं.

बाहेर रणरणतं ऊन आहे.

मला पत्र लिहू नकोस.